लेकराने तोंड फिरवले

यंदाच्या वैशाखात माझी लेक आपल्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन पुण्याहून रेणापूरला आली. पोर हसरे, अंगाने भरलेले. परंतु आल्याच्या तिसऱ्या दिवसापासून त्याने अन्नाशी वैर धरले. सहाव्या महिन्यापासून वरणभात, रताळे, केळे मिटक्या मारीत खाणारा मुलगा वाटी दिसताच ओठ मिटू लागला. चमचा जवळ आला की मान उजवीकडे. पुन्हा आला की डावीकडे. आईचे दूध मात्र तो पूर्वीसारखाच आवडीने पिई.

घरात लगेच परिषद भरली. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. कोणी वेखंड उगाळायला सांगितले, कोणी दात येत असल्याचे निदान केले. जावयांनी पुण्याहून फोनवर एका डबाबंद खाद्याचे नाव कळवले. शेवटी लेकीने मोबाईलवर नाचणारी चित्रे लावली आणि पोराचे भान हरपले असता चमचा आत सारण्याची युक्ती काढली. दोन दिवस ती साधली. तिसऱ्या दिवशी पोर मोबाईल पाहूनच रडू लागले.

या गडबडीत माझी आई, वय वर्षे शहात्तर, खांबाला टेकून नुसती पाहत होती. पोराने पुन्हा एकदा तोंड फिरवले तेव्हा ती उठली आणि काही न बोलता परसात निघून गेली. ती का गेली, हे त्या घरात मला एकट्यालाच ठाऊक होते. त्याविषयी पुढे येईलच.

मी इतिहासाचा मास्तर. तीस-बत्तीस वर्षे मुलांना लढाया आणि तह शिकवले. परंतु त्या दुपारी माझ्या मनात आले की लेकरू जेवेनासे झाले म्हणजे माणसे आजवर काय करीत आली, या गोष्टीला इतिहास असेलच की नाही? राज्ये थोड्याच घरांत बुडाली. हा प्रसंग तर घरोघर, पिढ्यानपिढ्या घडत आला. निवृत्त माणसापाशी वेळ भरपूर. मी पुस्तके काढून बसलो.

पहिली गोष्ट दिसली ती अशी, की आपले जुने वैद्य या बाबतीत फार सावध होते. सुश्रुताने सहाव्या महिन्यात अन्न द्यावे असे सांगितले, पण ते हलके आणि हितकर असावे, एवढ्या दोन अटींवर. काश्यपसंहिता हा तर मुख्यतः बालरोगांचाच ग्रंथ. त्याची खंडित पोथी नेपाळात सापडली आणि १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती छापली. हा ग्रंथ सहाव्या महिन्यात फळे देतो, आणि खरे अन्न दात आल्यावर, दहाव्या महिन्याच्या सुमारास. म्हणजे मधले चार महिने चाखण्याचे. आजचे वैद्यक याहून घाईचे आहे, कारण सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून लोह पुरत नाही; तेव्हा काश्यपाचे वेळापत्रक कोणी उचलू नये. पण चाखणे निराळे आणि पोट भरणे निराळे, हा त्याचा भेद मला मोलाचा वाटला.

सातव्या शतकाच्या सुमारास झालेल्या वाग्भटाने तर दुधावरून उठवलेल्या मुलासाठी तीन प्रकारचे मोदक सांगितले आहेत. एक चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या आणि खडीसाखर यांचा. त्याचे नाव ‘प्रीणन’, म्हणजे संतोष देणारा. दुसरा ‘दीपन’, अग्नी चेतवणारा, कोवळे बेलफळ, वेलची, साखर आणि लाह्यांचे पीठ यांचा. तिसरा धायटीच्या फुलांचा, पोट सुटले असता बांधून धरणारा. (मध मात्र वर्षाच्या आतल्या मुलाला देऊ नये असे आजचे डॉक्टर बजावतात, त्यातून क्वचित का होईना, जिवावर बेतणारी विषबाधा होते.) औषध म्हणून हे मोदक कितपत लागू पडत, ते वैद्यांनी ठरवावे. मला त्यातला क्रम आवडला. लेकरू खात नसेल तर पहिला विचार ते खूश कसे होईल हा. भूक कशी चेतवावी हा दुसरा. आमच्या घरातली परिषद पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर चढली होती.

यानंतर मी उष्टावणाकडे वळलो. मुलाचे सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात. मामाच्या मांडीवर बसवून, चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने ओठाला लावायची, हा आपला परिपाठ. परंतु निबंधग्रंथांत या संस्काराला जोडून आणखी एक विधी येतो. घास दिल्यावर मुलाला जमिनीवर बसवून त्याच्यापुढे पोथ्या, शस्त्रे, नाना धंद्यांची हत्यारे मांडायची. ते आधी ज्याला हात लावील ती त्याची वृत्ती! पुढे कोणत्या धंद्यावर पोट भरायचे ते ठरवण्याचा अधिकार सहा महिन्यांच्या पोराला द्यायचा आणि आजचा घास घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा मात्र द्यायचा नाही, हा विनोद आपल्या पूर्वजांच्या ध्यानी आला नसावा.

तो ध्यानी आला शिकागोच्या एका डॉक्टरीणबाईंच्या. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ च्या सुमारास एक धाडस आरंभले. त्या काळी अमेरिकेतले डॉक्टर बाळाला काय, किती आणि किती वाजता द्यावे याचे छापील तक्ते आयांच्या हाती देत. तिकडे न्यूझीलंडात ट्रूबी किंग यांचा पंथ दर चार तासांनी घड्याळ पाहून पाजण्याचा उपदेश करीत होता. मुले रडत, तोंडे मिटत. डेव्हिसबाईंनी नुकत्याच दुधावरून उठलेल्या मुलांपुढे ताटे मांडली. एकूण चौतीस पदार्थ, त्यांतले थोडे थोडे प्रत्येक वेळी: मांस, मूत्रपिंड, ओट, जव, बटाटे, सलगम, सफरचंद, केळी, ताजे दूध, आंबट दूध, वेगळे मीठ. दाईला सक्त ताकीद अशी, की चमचा हातात धरून गप्प बसायचे. मुलाने पदार्थाकडे हात केला तरच भरून पुढे करायचा, तोंड उघडले तरच आत घालायचा, आणि ‘छान’ किंवा ‘नको’ असे काही म्हणायचे नाही. हा प्रयोग पंधरा मुलांवर अनेक वर्षे चालला. एखादे पोर न्याहारीला काळीज खाई आणि वर संत्र्याचा रस पिई; दुसरे काही दिवस एकाच पदार्थावर तुटून पडे आणि मग त्याकडे ढुंकूनही पाहत नसे. आणि तरी सगळी मुले उत्तम वाढली. एकाला मुडदूस होता. त्याच्या ताटात माशाच्या यकृताचे तेल ठेवले, तर ते घाणेरडे तेल तो बरा होईपर्यंत आपण होऊन पीत राहिला आणि बरा झाल्यावर त्याने सोडून दिले.

या हकीकतीवरून कित्येकांनी ‘मुलाला सगळे कळते’ असा निष्कर्ष काढला. डेव्हिसबाई तेवढ्या भोळ्या नव्हत्या. १९३९ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितले की खरी मेख ताटात आहे. त्यांत साखर, मिठाई, डबाबंद असे काही नव्हतेच. म्हणजे ताटात काय मांडायचे हे मोठ्यांनी ठरवायचे, आणि किती खायचे हे मुलाने. मी हे वाचले आणि चश्मा काढून ठेवला. माझी आजी, जिने रेणुकादेवीच्या यात्रेपलीकडे मुलूख पाहिला नव्हता, ती मांडीवर नातवंड घेऊन जेवायला बसे. भाकरी कालवताना आपल्या ताटातला मऊ तुकडा ती काठाशी सरकवून ठेवी. पोराने उचलला तर उचलला. ‘काऊचा घास, चिऊचा घास’ हा खेळही ती दोन-तीन घासच खेळे. पोराने मान हलवली की म्हणे, ‘झालं माय लेकराचं,’ आणि त्याचे तोंड पुसून टाकी.

आजीचे गुणगान करताना इतिहासकाराने जपावे, हेही खरे. जुन्या काळी सगळे शहाणपणच नांदत होते असे नाही. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून कामावर जात, ही गोष्ट १९२० नंतरच्या चौकशांत आणि १९३१ च्या मजूर आयोगाच्या अहवालात नमूद आहे. पोर दिवसभर झोपे; रडत नसे, तसे मागतही नसे. त्या बायांना दोष देण्याचे माझे धाडस नाही. गिरणीचा भोंगा त्यांनी लावला नव्हता. पुढे डबे आले. म्हशीच्या दुधापासून बालान्न बनवण्याची रीत म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने बसवून दिली आणि १९६० मध्ये अमूलने ते बाजारात आणले. परदेशी डब्यांना तो चोख जबाब होता. परंतु डब्यावरच्या गुबगुबीत बाळाने आयांच्या मनात एक माप ठसवले, आणि त्या मापाने आपले पोर प्रत्येकीला कमीच भरू लागले. तान्ह्यांच्या खाद्याची जाहिरात आवरणारा कायदा आपल्याकडे व्हायला १९९२ साल उजाडले.

आणि आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लातूरची तूरडाळ देशभर जाते. तिचा भाव आमच्या बाजारात ठरतो असे व्यापारी छातीवर हात ठेवून सांगतात. त्याच लातूरच्या घराघरांतून बाळाला काय मिळते? वरणाचे पाणी! डाळ तळाशी राहते आणि वरचे पिवळे पाणी, पचायला हलके म्हणून, वाटीत येते. आठ किलोच्या मुलाचे पोट ते केवढे? एका वेळी जेमतेम पाव लिटर मावते. ते पाण्याने भरल्यावर पोर तोंड फिरवते आणि आई म्हणते, खात नाही. घट्ट द्यावे तर त्याला गिळवत नाही, पातळ द्यावे तर त्यात कस नाही, असा हा पेच. तो सोडवण्याची एक नामी युक्ती बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० नंतरच्या दशकात पुढे आणली. धान्याला मोड आणून, वाळवून केलेले पीठ चिमूटभर घट्ट लापशीत घातले की ती सैल होते आणि कस मात्र तेवढाच राहतो. कोकणात नाचणीचे सत्त्व करणाऱ्या बायकांना मोडांचा गुण ठाऊक होताच.

हे सगळे भरल्या घरचे झाले. आता परसात निघून गेलेल्या माझ्या आईकडे येतो.

१९७२ साली मी सात वर्षांचा होतो. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी हुलकावणी देऊन गेला होता. आई-वडील खडी फोडायला जात. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती, त्यांतली ही दोन. कामावर सुकडी मिळे. घरी रेशनची तांबडी मिलो. माझी धाकटी बहीण चौदा महिन्यांची होती. बाभळीला बांधलेल्या झोळीत तिला ठेवून आई घण घाली. आईला पुन्हा दिवस गेले आणि तिचे दूध आटले. त्यानंतर महिन्याभरात बहिणीने खाणे टाकले. मिलोची भाकरी पाण्यात कुस्करून आई तिच्या तोंडाशी नेई, आणि ती तोंड फिरवी. ती रडतही नसे. पायांवर सूज, केस तांबूस, नजर कुठेतरी लागलेली. अंगारे झाले, दृष्टी झाल्या. उन्हाळा सरायच्या आत ती गेली. पुढे पन्नास वर्षे, कधी विषय निघालाच तर, आई एकच वाक्य बोलत आली: ‘आम्ही देत व्हतो की रे. तिनंच तोंड फिरवलं.’

या आजाराला नाव आहे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळले. सिसली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर १९३३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि दोन वर्षांनी तिथल्या गा लोकांच्या भाषेतलाच शब्द त्याला दिला: क्वाशिओरकोर. पाठचे मूल आले म्हणजे आधीच्या, आसनावरून उठवलेल्या मुलाला होणारा रोग, असा त्याचा आशय. सूज, केसांचा पालटलेला रंग, उदासीनता. आणि मुख्य म्हणजे अन्नावरची वासना जाणे. उपासमारीने भूक वाढते अशी आपली समजूत. एका मर्यादेपर्यंतच ती खरी आहे. तिच्यापलीकडे शरीर आपला कारभार आवरता घेते आणि त्यात भूकही मालवते. तेव्हा तोंड फिरवणे ही मुलाची निवड नसते. तो रोगच बोलत असतो.

म्हणून मला या इतिहासातली सर्वांत मोठी अडचण अशी दिसते, की दोन अगदी निराळी लेकरे एकाच रीतीने मान फिरवतात. एकाचे पोट भरलेले असते, किंवा त्याची वाढ मंदावलेली असते. पहिल्या वर्षात जन्माचे वजन तिप्पट होते आणि सबंध दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलोची भर पडते, तेव्हा वर्षाच्या आसपास भूक उतरणारच. दुसऱ्याची भूक मेलेली असते. पहिल्याला आग्रह करणे व्यर्थ आणि दुसऱ्याचे कौतुकाने ऐकणे घातक.

दोहोंतला फरक ओळखण्याचे साधन मराठवाड्याच्या आसपासच घडत गेले, ही आपल्याकडे कमी बोलली जाणारी गोष्ट आहे. बीडच्या शेजारी जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम मांडले. १९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांतली १७६ वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावकऱ्यांनीच सामाईक चुली पेटवल्या, आणि गावातल्या, बहुधा निरक्षर, बायकांनी मुलांची वजने घ्यायला शिकून घेतले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीबरोबर वजनाचा काटा खेडोपाडी पोचला. पुढे २००२ मध्ये औरंगाबाद विभागाचे आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात मुले मोजण्याचा आणि कमी वजनाची लपवू न देण्याचा आग्रह धरला. त्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन उभे राहिले. महाराष्ट्रातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत खुरटलेली २००५-०६ मध्ये शंभरात ३९ होती, ती २०१२ मध्ये सुमारे २३ भरली. एका मिशनचेच हे श्रेय असे मी म्हणणार नाही. पण मोजल्यावाचून हे कळलेही नसते. आणि याने हुरळूनही जाऊ नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी अवघी ११.३ टक्के निघाली.

आता तर ‘भूक चाचणी’ असा शब्दच आरोग्यसेविकांच्या तोंडी बसला आहे. अतिकुपोषित मुलाला आईच्या मांडीवर, शांत जागी बसवायचे आणि पौष्टिक खाद्याची पुडी द्यायची. वजनाच्या मानाने ठरलेले माप त्याने आपण होऊन खाल्ले तर उपचार घरी. न खाल्ले तर ताबडतोब दवाखान्यात. या चाचणीचा एक कडक नियम असा, की मुलावर जबरदस्ती करायची नाही. डेव्हिसबाईंच्या दाईला दिलेली ताकीद एका शतकानंतर आमच्या उपकेंद्रात येऊन पोचली, आणि तीही दुष्काळातल्या लेकरासाठी.

असो. दुसऱ्या दिवशी मी नातवाला काखेत मारून अंगणवाडीत गेलो. वजन रेषेवर होते, चढतेच होते. डॉक्टरांनीही तपासले, ताप नाही, उलट्या नाहीत, लघवी नेहमीसारखी, डोळ्यांच्या आतला रंग ठीक. आमचा गडी पहिल्या जातीचा निघाला. मग मी घरात हुकूम सोडले. जेवणाआधी दोन तास दूध नाही. मोबाईल कपाटात. मिक्सरमधून काढलेली गुळगुळीत खळ बंद. खलबत्त्यात जाडसर ठेचलेली खिचडी, वर तेलाची धार, आणि त्याच्या मुठीत मावतील असे उकडलेल्या बटाट्याचे तुकडे. आम्ही सगळे जेवू तेव्हाच त्याचे ताट. वीस मिनिटांनी, खाल्लेले असो वा सांडलेले, उचलायचे आणि चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही. हे शेवटचे कलम लेकीला सर्वांत जड गेले. चार दिवस त्याने बटाट्याचा फक्त लेप केला. पाचव्या दिवशी तो लेप चाटला. आठवड्याने तो माझ्या ताटातल्या भाकरीच्या पापुद्र्यावर झडप घालू लागला.

त्या रात्री बाजेवर पडल्यापडल्या मी आईला सगळे सांगितले. शिकागोचे नव्हे, सिसलीबाईंचे. म्हटले, आई, तिने तोंड फिरवले ते हट्टाने नव्हे, आणि तुझ्या भाकरीला नाव ठेवायला नव्हे. तिची भूकच आजाराने नेली होती. तोवर दवाखान्यावाचून कोणाच्या हाती काही राहिले नव्हते. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘आन् त्याच्या आधी? आधी काय द्यायला पायजे व्हतं?’

मी खोटे बोलू शकलो असतो. परंतु पन्नास वर्षे तिने विचारले नव्हते आणि आज विचारले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बसवलेले एक साधे मिश्रण आहे, ते मी तिला सांगितले. चाळीस ग्रॅम गहू, सोळा ग्रॅम हरभऱ्याची डाळ, दहा ग्रॅम शेंगदाणे, सगळे भाजून बारीक दळायचे, आणि वीस ग्रॅम गूळ. घरचेच जिन्नस, थोडे थोडे, दिवसातून चार वेळा. पण गहू तेव्हा कुठला, डाळ तरी कुठे होती, असे मीच घाईघाईने पुढे जोडले.

आई उठून बसली. अंधारात तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

‘शेंगा व्हत्या की घरात,’ ती म्हणाली. ‘एक पायली. बियाण्याच्या. तुझ्या बापानं उतरंडीत झाकून ठेवल्या व्हत्या, पाऊस येईल म्हनून.’